दुबार सरांची हळद

आमच्या सरांना चुकलेल्या प्रयोगाचा राग येत नसे. त्यांना संशय यायचा तो बरोबर आलेल्या प्रयोगाचा. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला माझं टायट्रेशन नेमकं अपेक्षित उत्तरावर येऊन थांबलं, तेव्हा मी फ्लास्क घेऊन धावतच त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला, तो फिकट गुलाबी रंग निरखला, "छान आलंय" म्हणाले आणि सगळं बेसिनमध्ये ओतून दिलं. "आता दुबार कर." माझा चेहरा उतरलेला पाहून म्हणाले, "चुकलं असतं तर न सांगता पुन्हा केलं असतंस. बराबर आलेलं कोण पुन्हा करतं? म्हणून तेच करायचं."

दुबार हा आमच्याकडे शेतातला शब्द. पेरलेलं उगवलं नाही की दुबार पेरणी, आणि ती कुणी हौसेने करत नाही. उगवून आलेल्या रानात पुन्हा तिफण घालणारा माणूस वसमतच्या आमच्या कॉलेजात एकच होता, म्हणून पोरांनी त्यांना दुबार सर म्हणायला सुरुवात केली. हे नाव इतकं रुजलं की एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रयोगशाळेतल्या गफारमामांना सरांचं खरं नाव घेऊन पत्ता विचारला, तर मामा गोंधळून म्हणाले, "इस नाम का तो इधर कोई नहीं, साब." मग एकदम कपाळाला हात लावून, "अरे, दुबार सर! ऐसा बोलो ना!"

सर मूळचे हिंगोलीचे. घराण्यात देवळाची पूजा होती, थोरले भाऊ कचेरीत कारकून होते. सर मात्र रसायनशास्त्र घेऊन हैदराबादला गेले, डॉक्टरेट मिळवली आणि तिथली चांगली प्रयोगशाळा सोडून वसमतला आले. यावर कॉलेजात पुष्कळ तर्क चालत. कुणी म्हणे वडील आजारी होते, कुणी म्हणे साहेबाशी भांडण झालं. एकदा धीर करून मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथं हळद पुडीत यायची. इथं ट्रॉलीत येते." एवढंच. हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कुरकुमिन, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय, आणि हळद ज्या गावांत शिजते त्या गावांच्या जवळ राहावं, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

त्यांची संशोधनाची खोली म्हणजे भांडारामागची एक अरुंद जागा. तिथे नळाला धार नसायची. उकळत्या अर्काची वाफ थंड करायला काचेच्या नळीभोवती सतत गार पाणी फिरावं लागतं. सरांनी घरच्या कूलरचा पंप काढून आणला, तो बादलीत बुडवला आणि बादलीत बाजारातून आणलेला बर्फ टाकला. उन्हाळाभर त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, पंपाशिवायच्या कूलरसमोर बसून वारा घेत. "आमचा कूलर पीएच.डी. करून राहिला," असं त्या शेजारणींना सांगायच्या. वीज जायची तेव्हा सर हाताने बादलीतलं पाणी वर चढवायचे आणि आम्ही आळीपाळीने त्यांना मदत करायचो. प्रयोग मध्येच सोडलेला मी कधी पाहिला नाही.

त्यांचा एकही सदरा पांढरा राहिला नव्हता. बाह्यांवर, खिशावर, कॉलरवर पिवळे डाग. बाजारात ओळखीची माणसं थट्टा करायची, "सर, हळद लागलेली दिसते, लग्न कुणाचं?" सर शांतपणे म्हणत, "माझंच. रोज असतं."

याच खोलीत त्यांनी एक पद्धत शोधून काढली. हळदीच्या भुकटीतून अल्कोहोलने कुरकुमिन काढण्याआधी ती भुकटी अगदी सौम्य आम्लाच्या पाण्याने धुऊन घ्यायची, की मग निघणारं कुरकुमिन बरंच जास्त भरतं. आम्ही पोरं तिला 'आंबट धुणं' म्हणायचो. सरांनी ती एका चांगल्या नियतकालिकात छापली आणि पुढच्या तुकडीला टायट्रेशन शिकवायला लागले. त्या पद्धतीचं पुढे काय झालं हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. ते कळलं एका पाहुण्यामुळे. दक्षिणेकडच्या मसाल्यांच्या संशोधनसंस्थेतले एक शास्त्रज्ञ मुद्दाम सरांना भेटायला आले होते. त्या अरुंद खोलीत उभं राहून, इकडेतिकडे बघत, त्यांनी आदराने इंग्रजीत विचारलं, "आपली प्रयोगशाळा बघता येईल का?" सर म्हणाले, "आपण तिच्यातच उभे आहात." पाहुण्यांनी खाली बघितलं. त्यांचा बूट बर्फाच्या बादलीला टेकला होता. मग ते मोठ्याने हसले, आणि दुपारभर सरांशी शाळकरी मुलासारखं बोलत बसले. ते गेल्यावर आम्हाला पहिल्यांदा समजलं, की आमच्या वसमतचं हे धुणं पार कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत चालतं.

माझं पुढचं शिक्षण सरांमुळे झालं, आणि तेही जीपमध्ये ठरलं. माझे वडील, म्हणजे अण्णा, कुरुंदा ते वसमत काळीपिवळी चालवायचे. माझं बी.एस्सी. संपलं तेव्हा एके दिवशी सर कुरुंद्याला काहीही काम नसताना अण्णांच्या शेजारी पुढच्या सीटवर येऊन बसले. मी मागे आईजवळ होते.

अण्णा म्हणाले, "सर, आता बास की. आमच्यात एवढी शिकलेली पोरगी म्हणल्यावर नवरा कुठून आणू?"

"मारोतराव, या जीपमध्ये किती माणसं बसतात?"

"नऊ."

"तुम्ही किती बसवता?"

अण्णा जरा घुटमळले. "बसतेत पंधरा-सोळा. बाजाराच्या दिवशी टपावरबी."

"मग विद्यापीठात एक पोरगी जास्त बसली, तर तुम्हाला काहून तकलीफ?"

सगळी जीप हसली. मागून एक म्हातारी म्हणाली, "मारोती, सरानं धरलं बघ तुला!" अण्णाही हसले, पण गिअर बदलत म्हणाले, "एवढं बोलता तर सर, बाजाराच्या दिवशी या. तुमालाच मागं लटकवतो." सर म्हणाले, "लटकतो. पोरीला जाऊ द्या." मी गेले. आमच्या घरात पदवीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझ्याआधी आणि माझ्यानंतर सरांनी अशी कितीतरी पोरं कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या दुकानात बसून सोडवून आणली. आज त्यांतला कुणी हैदराबादला औषधं तपासतो, कुणी सांगलीकडे मसाल्याच्या कारखान्यात आहे, कुणी कळमनुरीला शिकवतो. आमच्यापैकी तिघांचे तर प्रबंधच त्या आंबट धुण्याच्या पायावर उभे आहेत.

तो पाया हलला तो आत्ता, दोनेक वर्षांपूर्वी.

मी पुण्यात एका संशोधनसंस्थेत काम करते. माझ्याकडे मेघना नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. सरांची पद्धत आणखी सुधारायची, हा तिचा विषय. त्यासाठी आधी मूळ पद्धत करून दाखवायची होती, आणि ती येईना. आम्लाने धुतलेली हळद आणि न धुतलेली हळद, दोन्हींतून कुरकुमिन सारखंच निघायचं. मेघना म्हणाली, "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय." तिने पुन्हा केलं. मग मी स्वतः केलं. बाटल्यांवरची नावं झाकून, कुठली कुठली हे माहीत नसताना केलं. फरक शून्य.

मेघनाची शिष्यवृत्ती संपत आली होती. एका सहकाऱ्याने सुचवलं, "जुना पेपर आहे, कोण बघतंय? विषय बदला आणि मोकळ्या व्हा." त्यात मेघनाची वर्षं वाया गेली असती. आणि न बदलावा तर एकच गोष्ट लिहिता येत होती, की सरांची पद्धत चुकीची आहे. सर तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले. त्यांच्या हयातीतलं एवढंच एक मोठं काम. त्यांना ते छापलेल्या कागदातून कळावं, असं मला नको होतं. मी वसमतची गाडी धरली.

सर ओसरीत बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"किती जणींनी केलं?"

"दोघींनी, सर. वेगवेगळं."

"बाटल्या झाकून?"

"हो."

आता हात थांबले. "मग चूक आहे ते. लिही तसं."

"सर, एवढी घाई नको..."

"घाई झाली असंल तर ती माझी, तवाची." आणि ते उठून आत गेले. काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.  आठवड्याने त्यांचा फोन आला. "मंगल, ताटावर बसतेत आन् तसेच उठतेत गं. रात्री डोळ्याला डोळा न्हाई. एकच घोकून राहिलेत, पोरांचं काय? त्या पोरांनी माझ्यावर भरवसा ठेवून लिहिलं, त्यांचं काय?"

मी मेघनाला घेऊन परत गेले. सरांनी कॉलेजातून प्रयोगशाळा वापरायची परवानगी घेऊन ठेवली होती. त्यांनी बाजारातून हळद आणली, आपल्या हाताने दळली, आपल्या हाताने धुतली. मोजमाप पूर्वीसारखंच काटेकोर. शेवटी आकडे आले. धुतलेली, न धुतलेली, सारखीच. सर आकड्यांकडे बघत राहिले. "माझ्याही हातून येईना," ते म्हणाले, वैद्याने रोगाचं नाव सांगावं तसे. मेघनाला रडू फुटलं. तेव्हा तेच तिची समजूत काढायला लागले. "रडतेस काहून, लेकरा? तू बराबर आहेस, हे आज माझ्या हातून सिद्ध झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी कुरुंद्याला जायचा हट्ट धरला. बाजारातली हळद कुठून कुठून आलेली असते, शेतावरची घेऊन एकदा बघू, म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर ते हंगामात शेतावर गेलेच नव्हते. अण्णांनी जीप काढली. माझ्या चुलतकाकांच्या, गंगाधरकाकांच्या रानात हळद शिजवणं चालू होतं. बॉयलर फुसफुसत होता, स्टीलच्या ड्रमांतून वाफ निघत होती, माणसं एक ड्रम रिकामा करून दुसरा भरत होती.

सर थबकले. "गंगाधर, कढई कुठाय?"

"कढई?" काका हसायला लागले. "कोणत्या जमान्यात हाव सर तुमी? सगळं गाव वाफेवर शिजवतंय आता. कढई गोठ्यात हाय, म्हशीची पेंड भिजवायला."

सर ड्रमाजवळ गेले. ड्रमाच्या तळातून निथळणारं पाणी चरातून वाहत होतं, स्वच्छ पिवळं. सर काठीवर रेलून त्या पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना चक्कर येते आहे, म्हणून मी जवळ गेले.

"मंगल, कढईतलं पाणी कसं असायचं गं?"

मी याच शिवारात वाढले होते. "काळं, सर. आईच्या लुगड्यावर उडालं तर डाग निघायचा नाही."

"काहून काळं?"

तोंडी परीक्षेत विचारत तसंच त्यांनी विचारलं, आणि मीही तशीच ताठ उभी राहिले. उत्तर तोंडातून निघेपर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं. "लोखंड, सर. कढई लोखंडाची होती."

सर मेघनाकडे वळले. "लोखंड आणि कुरकुमिन उकळत्या पाण्यात समोरासमोर आले तर?"

"धरून बसतात एकमेकांना," मेघना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मग ते कुरकुमिन अल्कोहोलमध्ये नीट उतरणार नाही."

"आणि आधी आंबट पाण्यानं धुतलं तर?"

"लोखंड सुटेल, सर. कुरकुमिन मोकळं होईल." ती थांबली. "पण वाफेच्या हळदीत लोखंड नाहीच. मग सोडवायचं काय?"

सर बांधावर खाली बसले. "मी काय लिहिलं होतं पेपरात? 'शिजवून वाळवलेली हळद'. कशात शिजवलेली?" मग स्वतःच म्हणाले, "लिहिलंच न्हाई. हळद शिजवली म्हणजे कढईतच, दुसरं काही असतं हे डोक्यातच आलं न्हाई. पाणी ओलं होतं, असं कोण लिहितं?"

मी आनंदाने काही बोलणार, तर त्यांनी हात वर केला. "अजून काही सिद्ध झालेलं न्हाई."

गोठ्यातली कढई बाहेर निघाली. काका कुरकुरले, "म्हशीला काय सांगू? शास्त्रज्ञांनी ताट नेलं म्हणून?" अण्णांनी आणि त्यांनी ती विटकरीने घासून काढली. एकाच ढिगातली हळद, अर्धी ड्रममध्ये, अर्धी कढईत. कढईवर हळदीचा पाला, त्यावर ओलं गोणपाट, खाली जाळ. लवकर वाळावी म्हणून चकत्या करून आम्ही ती सरांच्या गच्चीवर पसरली. काकू वानरं हाकलायला काठी घेऊन छत्रीखाली बसल्या.

हळद वाळली, दळली, धुतली. ड्रममधल्या हळदीत फरक नव्हता. कढईतल्या हळदीत होता, भरपूर होता. मेघनाने आकडा वाचला आणि वही माझ्यापुढे धरली. मी सरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, त्याने काच आणखी पिवळी झाली, आणि म्हणाले, "आता दुबार." आम्ही दोघी मोठ्याने हसलो, आणि हसत हसत पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. त्या रात्री घरी काकूंचा स्वयंपाकघरातून आवाज आला, "जेवला गं बाई माणूस! भाकरी मागून घेतली!"

सरांनी त्याच नियतकालिकाला दुरुस्ती पाठवायची ठरवली. सांगलीचा आमचा मित्र फोनवर तावातावाने म्हणाला, "सर, तुम्ही बरोबर ठरलात, मग दुरुस्ती कशाला?" सर म्हणाले, "कढई लिहायची राहिली ती चूकच. कुठंतरी परमुलखात एखादं पोरगं स्टीलच्या भांड्यात हळद शिजवून बसलं असंल, धुणं जमेना म्हणून स्वतःला नालायक समजत. त्याला कोण सांगणार?" दुरुस्ती छापून आली. त्यात पहिलं नाव मेघनाचं, शेवटचं सरांचं. तिघांचे प्रबंध तसेच उभे राहिले. त्यांचीही हळद कढईतलीच होती. तेव्हापासून आम्ही सरांची पोरं कुठलाही नमुना वापरला तरी तो कशात शिजला, कशात वाळला, कशात ठेवला, हे लिहितो. परीक्षक कधी विचारतात, इतकं कशाला? आम्ही लिहितो. मेघना लोखंड आणि कुरकुमिन यांच्यावरच पुढे काम करत गेली आणि तोच तिचा प्रबंध झाला.

यंदा सर आणि काकू मुलीकडे नागपूरला राहायला गेले. हृदयाचे डॉक्टर तिथेच आहेत. सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. काचेची उपकरणं कॉलेजला देऊन झाली होती, टेम्पो भरला होता, घरात एक खाट तेवढी उरली होती. तेवढ्यात पुण्याहून मेघनाचा फोन आला. तोंडी परीक्षा झाली, पदवी जाहीर झाली. मी फोन सरांच्या कानाला लावला. ते ऐकत होते, मान हलवत होते. "झालं का? बरं. बरं झालं, लेकरा." फोन मला देऊन ते खाटेवर बसले आणि मग, चप्पल काढून, आडवे झाले.

बाहेरून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "काकू, चला की! ऊन व्हायलंय, नागपूर लई लांब हाय!"

काकू आत येऊन बघतात तो सरांना गाढ झोप लागलेली. तोंड अर्धवट उघडं, बारीक घोरणं चालू, एक हात खाटेखाली लोंबणारा. काकू त्यांच्या खांद्याला हात लावायला वाकल्या आणि तशाच थांबल्या, माझ्याकडे बघत. मी 'नको' म्हणून मान हलवली. मग बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला म्हटलं, "दादा, गाडी बंद कर. चल, कोपऱ्यावर चहा घेऊन येऊ."